आधी वळा, मग बेरीज करा: बहुभुजाचे आंतरकोन आणि बाह्यकोन

संध्याकाळी आमच्या सोसायटीतली चार-पाच मुलं माझ्याकडे गणिताला येतात. सातवी ते नववी, सगळी खिचडी. बहुभुजाचं प्रकरण आलं की आतल्या कोनांच्या बेरजेचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: बाजूंमधून दोन वजा करा, १८० ने गुणा. मग मी विचारते, "सुसम, म्हणजे सगळ्या बाजू आणि कोन सारखे असलेल्या, षटकोनाचा बाह्यकोन किती?" निम्म्या वह्यांत उत्तर येतं २४०. आतला १२०, पूर्ण फेरा ३६०, म्हणजे बाहेर उरले २४०. हिशोब बरोबर आणि उत्तर चूक. मुलांचा यात फारसा दोष नाही. 'बाह्यकोन' म्हटल्यावर कोणालाही 'कोपऱ्याच्या बाहेर उरलेली जागा' हेच वाटेल.

म्हणून मी हा धडा उलटा शिकवते. आधी बाह्यकोन, मग आंतरकोन. पाठ करायचा आकडा एकच, ३६०. बाकी सगळं त्यातून काढता येतं आणि परीक्षेत सूत्र विसरलं तरी अडत नाही. घरी मुलांना शिकवायचं असेल किंवा स्वतःचंच गणित घासून घ्यायचं असेल, तर पुढच्या क्रमाने करून बघा. एक खडू, कोनमापक, कात्री आणि थोडी मोकळी जागा एवढंच लागेल.

आधी नावं नीट

बहुभुज म्हणजे सरळ रेषाखंडांनी बनलेली बंद आकृती. दोन बाजू जिथे मिळतात तो शिरोबिंदू. तिथे आकृतीच्या पोटात तयार होतो तो आंतरकोन.

बाह्यकोनासाठी एक बाजू शिरोबिंदूच्या पुढे तशीच सरळ वाढवा, पट्टी लावून, तुटक रेषेने. ही वाढवलेली रेषा आणि लगतची दुसरी बाजू यांच्यामधला कोन म्हणजे बाह्यकोन. वाढवलेली बाजू सरळ रेषा असल्यामुळे आंतरकोन आणि बाह्यकोन रेषीय जोडीत येतात, त्यांची बेरीज १८०. षटकोनात १८० वजा १२०, म्हणजे ६०.

एकाच शिरोबिंदूपाशी दोन्ही बाजू वाढवल्या तर दोन बाह्यकोन मिळतात. ते परस्परांचे विरुद्ध कोन, म्हणून मापाने सारखेच. हिशोबात मात्र एका कोपऱ्याचा एकच धरायचा. दोन्ही धरले की बेरीज दुप्पट येते आणि पोरं म्हणतात सूत्र चुकलंय. हे टाळायला आकृतीभोवती एकाच दिशेने फिरत प्रत्येक बाजू पुढच्या टोकाला वाढवत जावी. आकृती चक्रीसारखी दिसायला लागते. तशी दिसली तर काढणी बरोबर आहे.

पायरी पहिली: चालून बघा

गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये खडूने एक मोठा पंचकोन काढा. सुसम नको, मुद्दाम वेडावाकडाच काढा. फक्त सगळे कोपरे बाहेरच्या बाजूला असू द्या, आत घुसलेला एकही नको. मुलाला रेषेवर उभं करा आणि चालायला सांगा.

इथे एक युक्ती आहे. सुरुवात कोपऱ्यावरून करू नका, एखाद्या बाजूच्या मध्यावरून करा. कोपऱ्यावरून सुरू केलं की शेवटचं वळण हमखास राहतं. मूल जागेवर परत येतं, पण तोंड भलतीकडे असतं आणि सगळा मुद्दाच हुकतो. मध्यावरून निघालं की पाचही कोपरे वळून ते त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभं राहतं.

आता विचारा, कोपऱ्यावर तू किती वळलास? आतला कोन जेवढा, तेवढा नाही. तो सरळ जात होता, सरळच गेला असता, त्याऐवजी थोडा वळला. सरळ गेला असता ती वाट म्हणजे आपली तुटक रेषा. वळला तो कोन म्हणजे बाह्यकोन. सगळी वळणं मिळून एक पूर्ण गिरकी झाली, म्हणजे ३६०. पंचकोनाऐवजी त्रिकोण काढा, वीस बाजूंची आकृती काढा, गिरकी एकच.

पायथन या संगणकभाषेतलं कासव, म्हणजे सांगू तसं चालत पडद्यावर रेघ काढणारं चिन्ह, ज्या मुलांनी वापरलंय त्यांना हे पटकन पटतं. कासवाला समभुज त्रिकोण काढायला सांगताना मुलं लिहितात: १०० पुढे जा, ६० अंश वळ, हे तीनदा कर. पडद्यावर त्रिकोणाऐवजी उघडा, तळ नसलेला अर्धा षटकोन येतो. कासवाला आंतरकोन कळत नाही, त्याला फक्त वळण कळतं. त्रिकोणासाठी त्याला १२० वळायला सांगावं लागतं. कासवाची ही कल्पना 'लोगो' या मुलांसाठीच्या संगणकभाषेतून आली. ती भाषा १९६७ मध्ये तयार झाली, तिच्या कर्त्यांपैकी एक सेमूर पॅपर्ट. भूमिती अंगाने, चालून शिकता येते यावर त्यांचा भर होता. गच्चीवरचा खडू हे त्याचंच बिनविजेचं रूप.

पायरी दुसरी: कापून जुळवा

चालण्याने पटत नसेल तर कागद घ्या. पंचकोन काढून पाचही बाजू एकाच दिशेने वाढवा, पाच बाह्यकोन वेगवेगळ्या रंगांनी रंगवा, कापा आणि टोकाला टोक लावून एका बिंदूभोवती मांडा. बरोबर एक पूर्ण वर्तुळ भरतं. फट राहिली किंवा तुकडे एकमेकांवर चढले तर कापणीत चूक आहे.

कात्रीची कटकट नको असेल तर मनात करून बघा. हीच वाढवलेल्या बाजूंची आकृती झेरॉक्सवर निम्मी करा, तिची पुन्हा निम्मी. लहान करताना कोन बदलत नाहीत. होता होता पंचकोन ठिपक्याएवढा होतो आणि त्या ठिपक्यातून पाच रेषा पाच दिशांना गेलेल्या दिसतात. ठिपक्याभोवतीचे कोन मिळून ३६०. मला स्वतःला ही मांडणी सगळ्यात आवडते, कारण बाजू किती हा प्रश्न तिथे उरतच नाही.

पायरी तिसरी: आता आंतरकोन

प्रत्येक कोपऱ्यावर आंतरकोन अधिक बाह्यकोन १८०. कोपरे जितके, तितके १८०. त्यातून सगळे बाह्यकोन, म्हणजे ३६०, काढून टाका. उरले ते आंतरकोन.

आंतरकोनांची बेरीज = बाजू × १८० − ३६०

३६० म्हणजे दोनदा १८०. म्हणून हेच (बाजू − २) × १८० असंही लिहितात. पुस्तकातलं सूत्र ते हेच. त्रिकोणाला १८०, चौकोनाला ३६०, पंचकोनाला ५४०, षटकोनाला ७२०. एक बाजू वाढली की १८० वाढतात.

पुस्तकात हे सूत्र बहुधा त्रिकोण पाडून काढलेलं असतं. तेही करून बघा, कारण 'वजा दोन' कुठून आले हे तिथे डोळ्यांना दिसतं. एका शिरोबिंदूपासून शक्य तेवढे कर्ण काढा. त्या शिरोबिंदूला न चिकटलेली प्रत्येक बाजू एकेका त्रिकोणाचा पाया होते. चिकटलेल्या दोन बाजूंना स्वतःचा त्रिकोण मिळत नाही. ते हे दोन. षटकोनात तीन कर्ण आणि चार त्रिकोण, चार गुणिले १८०.

दुसरी रीत अशी की पोटात कुठेही एक बिंदू घ्यायचा आणि तो सगळ्या शिरोबिंदूंना जोडायचा. आता बाजू तितके त्रिकोण होतात, पण मधल्या बिंदूभोवतीचे ३६० आपल्याला नको असलेले, ते वजा. पुन्हा बाजू × १८० − ३६०. एका रीतीत ३६० बाहेरच्या वळणांचे आणि दुसरीत पोटातल्या बिंदूचे. आकडा मात्र एकच. मुलांना दोन्ही करायला लावा आणि हे ३६० कुठून आले ते त्यांच्या तोंडून येऊ द्या.

जाता जाता एक गोष्ट. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, हे प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या भूमितीग्रंथाच्या पहिल्या खंडातलं ३२वं विधान. पण त्या विधानाची सुरुवात आंतरकोनांच्या बेरजेने होत नाही. बाजू वाढवली तर होणारा बाह्यकोन समोरच्या दोन आंतरकोनांच्या बेरजेइतका असतो हे तो आधी सांगतो, बेरीज नंतर. आपल्याकडे युक्लिडची ही भूमिती अठराव्या शतकात जयपूरचा राजा सवाई जयसिंग याच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून संस्कृतात आणली, 'रेखागणित' या नावाने. म्हणजे बाह्यकोनापासून सुरुवात करायची माझी टूम काही नवी नाही.

पायरी चौथी: सुसम बहुभुज आणि खिशातली नाणी

सगळ्या बाजू सारख्या आणि सगळे कोन सारखे असतील तर बहुभुज सुसम. दोन्ही अटी लागतात. पतंगाच्या आकाराच्या समभुज चौकोनात बाजू सारख्या असतात, कोन नसतात, आयतात उलट.

सुसम बहुभुजात गिरकी सगळ्या कोपऱ्यांत सारखी वाटली जाते. म्हणून एक बाह्यकोन = ३६० ÷ बाजू, आणि आंतरकोन १८० मधून तो वजा. (बाजू − २) × १८० करून त्याला पुन्हा बाजूंनी भागणारी मुलं मी रोज बघते. उत्तर येतं, पण मधल्या गुणाकार-भागाकारात घोटाळा होतोच. दहा बाजू असतील तर ३६० ÷ १० = ३६, आंतरकोन १४४. तोंडी होतं.

सरावाला नाणी घ्या. आजीच्या डब्यात अॅल्युमिनियमचे जुने वीस पैसे सापडले तर ते षटकोनी आहेत, बाह्यकोन ६०, आंतरकोन १२०. वीस रुपयांच्या आत्ताच्या नाण्याला बारा कडा आहेत, बाह्यकोन ३०, आंतरकोन १५०. नव्वदच्या दशकातलं दोन रुपयांचं नाणं गमतीचं. त्याला अकरा कडा, आणि ३६० ला अकराने नीट भाग जात नाही. बाह्यकोन येतो ३२ पूर्णांक ८/११, आंतरकोन १४७ पूर्णांक ३/११. बहुभुजाचे कोन पूर्णांकातच आले पाहिजेत असा मुलांचा समज असतो, तो या नाण्याने जातो. तीच मुलं मग सप्तकोनाच्या १२८ पूर्णांक ४/७ ला घाबरत नाहीत.

साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर बघायला गेलात तर काठावर उभं राहून कोपरे मोजा. विहीर अष्टकोनी आहे. आठही भिंती सारख्या धरल्या तर प्रत्येक कोपऱ्यावर ४५ चं वळण आणि आत १३५ चा कोन. शहाण्या मुलाला लगेच दिसेल की ४५ म्हणजे काटकोनाचा निम्मा.

बाजू वाढत गेल्या की वळण लहान होतं. हजार बाजूंच्या आकृतीत एक बाह्यकोन ०.३६ अंश आणि आंतरकोन १७९.६४. डोळ्याला ते वर्तुळच.

पायरी पाचवी: गणितं सोडवताना

इथे जरा रेंगाळू, कारण गुण इथेच जातात. माझा नियम एकच: प्रश्नात 'प्रत्येक आंतरकोन' असे शब्द दिसले की तो आकडा १८० मधून वजा करून बाह्यकोन करायचा आणि मगच पुढे जायचं.

प्रत्येक आंतरकोन १५६ असेल तर बाजू किती? बाह्यकोन २४. ३६० ÷ २४ = १५. झालं. सूत्राने करायला गेलात तर बाजू दोन्हीकडे येतात आणि समीकरण मांडावं लागतं.

आंतरकोन १३० असलेला सुसम बहुभुज असतो का? बाह्यकोन ५०, आणि ३६० ÷ ५० = ७.२. ७.२ बाजू कुठून आणणार? नसतो.

आंतरकोन आणि बाह्यकोन यांचं गुणोत्तर ७ : २ आहे. दोघांची बेरीज १८०, एकूण भाग नऊ, एक भाग २०. बाह्यकोन ४०, बाजू नऊ.

आंतरकोनांची बेरीज १६२० आहे. इथे 'प्रत्येक' हा शब्द नाही, बेरीज आहे, म्हणून १८० ने भागा: ९. त्यात दोन मिळवा: ११ बाजू. दोन मिळवायचे राहणं ही या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक.

आता क्षवालं. पंचकोनाचे कोन क्ष, क्ष + २०, २क्ष, २क्ष − १० आणि ११० आहेत. बेरीज करा: ६क्ष + १२० = ५४०. क्ष = ७०. कोन आले ७०, ९०, १४०, १३०, ११०. इथेच थांबू नका, पाचही मिळवून ५४० होतात का ते बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

शेवटचा माझा लाडका प्रश्न. एका मुलाने बहिर्वक्र बहुभुजाचे, म्हणजे एकही कोपरा आत न घुसलेल्या आकृतीचे, सगळे आंतरकोन मिळवले, पण एक चुकून सुटला. त्याची बेरीज आली २०००. सुटलेला कोन कोणता? खरी बेरीज १८० च्या पटीत हवी. २००० नंतरची पट २१६०, म्हणजे सुटलेला कोन १६०. पुढची पट २३४० धरली तर कोन ३४० येईल, आणि अशा आकृतीत १८० च्या वरचा कोन असत नाही. म्हणून १६०च. २१६० ÷ १८० = १२, अधिक दोन, बाजू चौदा.

याच जातीचा एक तोंडी प्रश्न आहे: बहिर्वक्र बहुभुजात लघुकोन जास्तीत जास्त किती असू शकतात? आंतरकोनांकडे बघत बसलात तर वेळ जाईल. आंतरकोन ९० पेक्षा लहान, तर बाह्यकोन ९० पेक्षा मोठा. असे चार झाले तर तेच ३६० च्या वर जातील. म्हणून तीन. बाजू शंभर असल्या तरी तीनच.

मोजमापाबद्दल दोन शब्द. कोनमापकाने मोजून केलेली बेरीज ५३८ किंवा ५४२ आली तर काळजी नको, पेन्सिलीची जाडी आहे. ४८० आली तर मात्र कुठे तरी १२० च्या जागी ६० वाचलंय. कोनमापकावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, त्यातली भलती वाचली गेली. आधी डोळ्याने ठरवा, कोन काटकोनापेक्षा मोठा दिसतोय की लहान. आणि बाजू आखूड असेल तर ती वाढवून मगच कोनमापक लावा.

कोपरा आत घुसला तर

आतापर्यंत कोपरे बाहेरच होते. एखादा आत घुसला की आकृती अंतर्वक्र होते आणि तिथला आंतरकोन १८० च्या पुढे जातो, त्याला प्रविशाल कोन म्हणतात. सूत्र टिकतं का?

याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे फ्लॅटमधला एल आकाराचा हॉल. त्याला सहा कोपरे. पाच काटकोन आणि एक आत आलेला, २७० चा. पाच नव्वदे ४५०, अधिक २७०, झाले ७२०. षटकोनाचेच. आता भिंतीला डावा हात लावून खोलीत चाला. पाच कोपऱ्यांवर तुम्ही उजवीकडे वळता, त्या एका कोपऱ्यावर डावीकडे. उलटं वळण ऋण धरा: ४५० − ९० = ३६०. १८० − २७० केलं तरी −९०च येतात. गिरकीचा नियम मोडत नाही, फक्त चिन्ह सांभाळावं लागतं.

त्रिकोण पाडायची रीतही चालते, पण कोणत्याही शिरोबिंदूपासून नाही. काही कर्ण खोलीच्या बाहेरून जातात. घुसलेल्या कोपऱ्यापासून काढून बघा.

पाच टोकांची चांदणी, एका रेघेत हात न उचलता काढतो ती, मात्र वेगळी. तिच्या टोकाचा कोन ३६, म्हणून वळण १४४, आणि पाच वळणं मिळून ७२०. कारण बाजू एकमेकींना छेदतात आणि चालणारा दोन गिरक्या घेतो. कासवाला १४४ देऊन बघा, सुंदर चांदणी येते.

मोजणीवाल्यांचा बाह्यकोन

सुरुवातीच्या २४० कडे परत येऊ. डिप्लोमा सिव्हिलला गेलेल्या मुलांनी जपून राहावं, कारण जमिनीच्या मोजणीत तो २४०च बाह्यकोन असतो. थिओडोलाइटने (कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राने) बंद ट्रॅव्हर्स, म्हणजे जमिनीभोवती फिरून पहिल्या बिंदूला परत येणारी रेषांची साखळी, मोजताना आकृतीच्या बाहेरून मोजलेला कोन म्हणजे ३६० वजा आंतरकोन. म्हणून तिथे तपासणीची सूत्रं दोन: आंतरकोनांची बेरीज (दुप्पट बाजू − ४) काटकोन, बाह्यकोनांची (दुप्पट बाजू + ४) काटकोन. षटकोनात ८ काटकोन म्हणजे ७२०, आणि १६ काटकोन म्हणजे १४४०, सहा गुणिले २४०. शाळेतल्या बाह्यकोनाला तिथे डिफ्लेक्शन अँगल म्हणतात आणि त्याची बेरीज ३६०. शब्द एक, अर्थ दोन. शाळेच्या पेपरात शाळेचा लिहा.

लाकडी चौकट करताना

षटकोनी आरसा किंवा आकाशकंदिलाचा सांगाडा पट्ट्या जोडून करायचा असेल तर हा हिशोब हातात येतो. दोन पट्ट्या कोपऱ्यात मिळतात तेव्हा वळण दोघींनी निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. म्हणून काप = बाह्यकोनाचा निम्मा = १८० ÷ बाजू. चौकोनाला ४५, षटकोनाला ३०, अष्टकोनाला साडेबावीस. कोन कापायच्या करवतीवर शून्य म्हणजे सरळ आडवा काप, त्यामुळे हाच आकडा लावायचा. पट्टीच्या लांबीशी मोजलं तर षटकोनात तोच काप ६० दिसतो. माझी पहिली फ्रेम या गोंधळात सरपणात गेली.

षटकोनाला सहा पट्ट्या, बारा काप. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला तर शेवटच्या सांध्यात सहा अंशांची फट येते. उपाय असा: तीन-तीन पट्ट्यांचे दोन अर्धे आधी चिकटवा, समोरासमोर ठेवून बघा आणि उरलेली चूक दोन्ही अर्ध्यांची टोकं एका सरळ रेषेत घासून काढा.

फरशी आणि फुटबॉल

एकाच आकाराच्या सुसम फरशांनी जमीन फट न ठेवता भरायची तर बिंदूभोवती ३६० भरले पाहिजेत. त्रिकोणाचे सहा ६०, चौकोनाचे चार ९०, षटकोनाचे तीन १२०. पंचकोनाचे तीन १०८ मिळून ३२४, फट ३६ ची, चौथा मावत नाही. सप्तकोनापासून पुढे तीन कोनच ३६० च्या वर जातात. म्हणून तीनच प्रकार, आणि मधमाशी त्यातला तिसरा वापरते. दोन आकार मिसळायची परवानगी दिली तर अष्टकोन आणि लहान चौकोन: १३५ + १३५ + ९०. जुन्या घरांत ही जोडी पायाखाली दिसते.

पंचकोन सुसम नसला तर मात्र चालतो. कौलारू घराच्या चित्रासारखा पंचकोन सहज बसतो. असे पंचकोन शोधायचा नाद १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मार्जोरी राइस या गृहिणीला लागला. कॉलेजात गणित न शिकलेल्या या बाईंनी स्वयंपाकघरात बसून आधी कोणाला माहीत नसलेले चार प्रकार शोधले.

फुटबॉलवर, तो काळ्या-पांढऱ्या ठिगळांचा जुना फुटबॉल, १२ पंचकोन आणि २० षटकोन असतात. एका कोपऱ्यावर एक पंचकोन आणि दोन षटकोन: १०८ + १२० + १२० = ३४८. बारा अंश कमी पडतात, म्हणूनच ठिगळं सपाट बसत नाहीत आणि चेंडू फुगीर होतो. असे कोपरे ६०, कमी पडलेले अंश ७२०. आता खडूचं खोकं घ्या. आठ कोपरे, प्रत्येकावर तीन काटकोन, म्हणजे ९० कमी. आठ नव्वदे तेही ७२०.